साभार परत आल्यानंतर : प्रकाशक आणि एजंट यांच्या नकाराचं काय करायचं

पहिलं पुस्तक लिहून झालंय, कुठेतरी देऊन झालंय, आणि नकार येऊन पडलाय किंवा कुणी काही बोलतच नाहीये, अशांसाठी हे लिहिते आहे. मी पुण्यात राहते, मराठीत कादंबरी लिहिते. पेठांमधल्या प्रकाशकांचे नकार मी घेतले आहेत, आणि त्याच कादंबरीच्या काही प्रकरणांचा इंग्रजी अनुवाद झाल्यावर लिटररी एजंट मंडळींचेही (एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा मध्यस्थ). दोन्हीकडच्या रीती वेगळ्या आहेत. त्या आधी कुणी सांगत नाही, मग माणूस स्वतःच्या लेखनाबद्दल भलभलते निष्कर्ष काढत बसतो.

आपल्याकडे मराठीत एजंट जवळपास नाहीतच. लेखक थेट प्रकाशकाच्या ऑफिसात जातो, नाहीतर मेल करतो. एजंट भेटतो तो तुम्ही इंग्रजीत लिहीत असाल किंवा मराठी पुस्तकाचा अनुवाद बाहेर न्यायचा असेल तेव्हा. ब्रिटन-अमेरिकेतले मोठे प्रकाशक एजंटाशिवाय आलेलं हस्तलिखित सहसा बघत नाहीत, त्यामुळे तिथे पहिला नकार एजंटच देतो.

या सगळ्यातून मला कळलेली गोष्ट अशी : नकारातल्या शब्दांचा कीस पाडू नका, तो कुठल्या टप्प्यावर आला ते बघा. शब्द बरेचदा शिष्टाचाराचे असतात. टप्प्यावरून मात्र नेमकं काय दुरुस्त करायचं ते समजतं.

हाताशी काय काय हवं

- हस्तलिखिताची अंतिम फाइल, वर्डमध्ये आणि पीडीएफमध्ये. मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमधली वर्ड फाइल समोरच्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर चिन्हांचा खिचडा होऊन उघडते, आणि ‘फाइल उघडली नाही’ असं कळवायला कुणाला वेळ नसतो.
- एक पानाचा गोषवारा, शेवटासकट. ‘पुढे काय होतं ते पुस्तकातच वाचा’ हे मलपृष्ठावर शोभतं, इथे नाही.
- तीस ते पन्नास पानांचा सलग नमुना, पहिल्या पानापासून. ‘सर्वांत चांगली’ प्रकरणं निवडून देऊ नका.
- सोबतचं पत्र आणि पाच ओळींचा परिचय.
- नोंदवही. एक्सेल असो की दोनशे पानी वही.
- इंग्रजीकडे जायचं असेल तर वेगळं क्वेरी पत्र, म्हणजे पुस्तकाची ओळख करून देऊन एजंटाला विचारणा करणारं पत्र. अनुवाद दुसऱ्याने केला असेल तर तुमच्यातला लेखी करार.

१. पाठवण्याआधीच नोंदवही उघडा

रकाने हे : कुणाकडे, कुणाच्या नावे, तारीख, काय पाठवलं (फक्त पत्र, नमुना की संपूर्ण), हस्तलिखिताचा कितवा खर्डा, पोच कधी मिळाली, आठवण कधी करायची, उत्तर काय आलं.

यातला खर्ड्याचा रकाना लोक हमखास गाळतात. सहा महिन्यांनी कुणी ‘सुरुवात रेंगाळते’ असं कळवतं तेव्हा ती जुनी सुरुवात होती की तुम्ही बदललेली, हे आठवत नाही. मग एकदा दुरुस्त झालेली जागा पुन्हा दुरुस्त होते आणि बिघडते.

उत्तराच्या रकान्यात शब्द जसेच्या तसे लिहा. आपल्याकडे बरीच उत्तरं फोनवर किंवा समोरासमोर मिळतात, आणि घरी पोचेपर्यंत मन त्यात फेरफार करतं. बाजीराव रस्त्यावर कानावर आलेलं ‘बरं लिहिलंय, पण आम्हाला जमणार नाही’ कोथरूडला पोचेस्तोवर एक तर ‘बरं लिहिलंय’ एवढंच उरतं किंवा ‘जमणार नाही’ एवढंच. खाली उतरल्या उतरल्या फोनमध्ये टिपून घ्या.

२. नकार आला त्या दिवशी

काही करू नका. उलट फोन नको, ‘का ते सांगाल का’ असा मेल नको, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला स्क्रीनशॉट तर मुळीच नको. मराठी प्रकाशन व्यवसाय अगदी लहान आहे. सकाळी एका प्रकाशकाची मुद्रितं तपासणारी व्यक्ती दुपारी दुसऱ्याची तपासत असते, आणि अप्पा बळवंत चौकात निघालेली गोष्ट संध्याकाळच्या आत टिळक रोडला महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या पायऱ्यांवर असते.

हितचिंतक त्या दिवशी हमखास एखाद्या जगप्रसिद्ध लेखिकेला किती प्रकाशकांनी नाकारलं होतं ते सांगतात. त्यांचे आभार माना आणि विषय बदला. अशा गोष्टी फक्त पुढे यशस्वी झालेल्यांच्याच सांगितल्या जातात, त्यांतून तुमच्या हस्तलिखिताबद्दल काहीही कळत नाही.

३. नकार कुठल्या टप्प्यावर आला ते ठरवा

इथे मात्र सावकाश बसा.

उत्तरच नाही. याचा अर्थ बहुतेक वेळा ‘कुणी वाचलेलंच नाही’ एवढाच असतो. आधी कॅलेंडर बघा. क्रमिक आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकंही काढणारे प्रकाशक मे-जूनमध्ये त्यात बुडालेले असतात. दिवाळी अंक काढणारे गणपतीपासून दिवाळीपर्यंत तुमचे नसतात. २०२३पासून डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, त्याच्या आधीचे काही आठवडे नव्या पुस्तकांच्या छपाईत जातात. या महिन्यांतल्या शांततेवरून काहीच ठरवू नका. एजंटांच्या बाबतीत उलट आहे. ‘आठ किंवा बारा आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजावा’ असं अनेकांनी संकेतस्थळावर लिहिलेलंच असतं, तिथे शांतता हेच उत्तर.

बहुतेक सगळीकडून शांतताच असेल तर कादंबरीला हात लावू नका. ती कुणी उघडलीच नाही. तपासायचं ते पत्र आणि पत्त्यांची यादी. ललित गद्य न छापणाऱ्याकडे ललित गद्य गेलंय का? पत्र दीड पानाचं झालंय का? पत्रात पुस्तकाचा विषय पहिल्या चार ओळींत येतो, की आधी ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ येते?

साचेबद्ध उत्तर. ‘आपले लेखन वाचले. सध्या आमच्या प्रकाशन योजनेत ते बसत नाही. पुढील लेखनास शुभेच्छा.’ इंग्रजीत याचा भाऊ म्हणजे ‘माझ्या यादीसाठी योग्य वाटत नाही’. हे मजकूर आधीच लिहून ठेवलेले असतात आणि सगळ्यांना तेच जातात. ‘सध्या’ या शब्दात आशा शोधू नका, ‘बसत नाही’मध्ये अपमानही शोधू नका. सोबत नमुना पाठवला असेल आणि अशी उत्तरं ओळीने येत असतील तर पहिली दहा पानं संशयित आहेत. ती अनोळखी वाचकाच्या नजरेने पुन्हा वाचा : कथानक कुठल्या पानावर हलतं? माझ्या ओळखीतल्या बऱ्याच पहिल्या कादंबऱ्यांत ते चौथ्या-पाचव्या पानाच्या आत हलत नाही. तोवर गाव, वाडा, पाऊस आणि आजी होऊन जातात.

नेमकं एक वाक्य. ‘भाषा चांगली आहे, पण मुलगी गाव सोडते तिथून पकड सुटते.’ हे वाचून लिहिलेलं आहे. कामाच्या रगाड्यातून कुणीतरी तुमच्यासाठी एक खास वाक्य लिहिलं, हा टप्पा वरच्या दोन्हींपेक्षा बराच पुढचा आहे. ते वाक्य वहीत लाल शाईने उतरवा. त्यावर लगेच काम करायचं नाही, ते सहाव्या मुद्द्यात येतं.

संपूर्ण वाचून नकार. हा सर्वांत लागतो, कारण इथवर महिने गेलेले असतात. मोठ्या प्रकाशनांत संपादकांखेरीज बाहेरच्या एक-दोन परीक्षकांकडूनही अभिप्राय घेतला जातो. ‘परीक्षकांचं नाव न देता अभिप्रायातला काही भाग वाचायला मिळेल का?’ एवढं विचारायला हरकत नाही. काहीजण देतात, काहीजण देत नाहीत. नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नका.

या टप्प्यावरचं कारण पुष्कळदा हिशेबाचं असतं, आणि ते लेखकाला कळलेलं बरं. एकेकाळी मराठीत अकराशे प्रतींची आवृत्ती हा रिवाज होता, आता पाचशेची किंवा त्याहूनही लहान निघते. प्रती कमी म्हणजे प्रत्येक प्रतीवर मांडणीचा, मुखपृष्ठाचा, छपाईच्या तयारीचा खर्च जास्त. त्यात नवख्या लेखकाची साडेचारशे पानं आली की किंमत अशी होते की दुकानात माणूस पुस्तक उलटून बघतो आणि ठेवून देतो. म्हणून ‘पानं कमी होतील का?’ असं कुणी विचारलं तर चिडू नका. सगळी आकडेमोड करून झाल्यावर, पुस्तक काढायची इच्छा थोडीफार शिल्लक असली तरच माणूस असं विचारतो.

‘बदल करून पुन्हा दाखवा.’ हा नकार नाही! याला नकार समजून घरी बसलेले दोन गुणी लेखक मला माहीत आहेत. उत्तरात फक्त दोन गोष्टी विचारा : कुठले बदल सर्वांत महत्त्वाचे वाटतात, आणि साधारण किती दिवसांनी पाठवलं तर चालेल. मग घाई करू नका. आठवड्यात परत आलेलं हस्तलिखित फक्त रंगसफेदी करून आलंय हे संपादकाला पहिल्या प्रकरणात कळतं. बदल केल्यावर पुस्तक निघेलच, अशी हमी मात्र यात नसते. बदल पटत नसतील तर तसं सांगून मोकळे व्हा.

यात न बसणारा एक प्रकार म्हणजे समोरासमोरचा पुणेरी नकार. ‘ठेवून जा, बघतो’ हा नकारही नाही आणि होकारही नाही, तारीख टाकून वहीत लिहा. ‘दिवाळीनंतर बोलू’ याच्यासोबत कुठली तारीख किंवा माणसाचं नाव मिळालं तर ते खरं, नाहीतर सोडून द्या. ‘कविता आम्ही करत नाही’ ही निव्वळ माहिती आहे, ती यादी करतानाच मिळवायला हवी होती. आणि ‘तुम्ही अमक्यांना दाखवून बघा’ हे मात्र गंभीरपणे घ्या. कुणाकडे काय खपतं हे प्रकाशकांना एकमेकांबद्दल नेमकं ठाऊक असतं.

४. आठवण कधी आणि कशी करायची

मराठी प्रकाशकाकडे दिल्यावर पंधरा दिवसांत पोच आली नाही तर विचारा, कारण कधी कधी मेल खरंच पोचलेला नसतो. त्यानंतर तीन महिने थांबा. मग एक ओळीचं स्मरणपत्र. आणखी दोन महिन्यांनी दुसरं. तरी शांतता असेल तर हस्तलिखित मागे घेत असल्याचं लेखी कळवा :

‘सप्रेम नमस्कार. अमुक तारखेला आपल्याकडे विचारार्थ पाठवलेले माझे अमुक नावाचे हस्तलिखित मी मागे घेत आहे. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे.’

हे पत्र महत्त्वाचं, कारण मराठीत एकच हस्तलिखित एका वेळी अनेकांकडे दिलेलं अजूनही कित्येकांना रुचत नाही. एकाहून अधिक ठिकाणी द्यायचंच असेल (आणि प्रत्येकजण सहा महिने घेणार असेल तर तुमचा नाइलाजही आहे) तर सोबतच्या पत्रात तसं स्पष्ट लिहा. एजंटांच्या जगात एकाच वेळी अनेकांना विचारणं गृहीतच असतं. तिथे फक्त एक करा : कुणी एकाने होकार दिला तर बाकीच्यांना ताबडतोब कळवा.

हस्तलिखिताची छापील प्रत परत मिळेल हे धरून चालू नका. मिळाली तर बरं. एकुलती एक प्रत, विशेषतः हाताने लिहिलेली, कुणाच्याही ताब्यात देऊ नका, मग ते कितीही मोठे असोत.

५. उत्तर द्यायचं का?

साचेबद्ध नकाराला गरज नाही. नेमकं काही लिहून आलं असेल किंवा संपूर्ण वाचलं असेल तर दोन ओळी द्या : ‘आपण वेळ काढून वाचलंत आणि मधल्या भागाबद्दल लिहिलंत, त्याबद्दल आभार. पुढचं लेखन झालं की आपल्याला दाखवायला आवडेल.’ बस. ‘पण तो भाग मुद्दाम तसा ठेवला आहे, कारण’ हे वाक्य सुरू झालं की मेल बंद करा.

६. हस्तलिखिताला हात कधी लावायचा

मी पाळते तो नियम असा. एका वाचकाने दाखवलेली अडचण वहीत जाते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दुसऱ्या वाचकाने त्याच जागेवर बोट ठेवलं की काम सुरू. दोघांनी सांगितलेला उपाय वेगळा असेल, कदाचित दोन्ही उपाय चुकीचे असतील, पण जागा तीच असते. एकाला वाटतं नायिकेचा भाऊ काढून टाका, दुसऱ्याला वाटतं त्याला आणखी दोन प्रकरणं द्या. दोघांचंही म्हणणं एवढंच की भाऊ आहे तसा चालत नाहीये.

काही गोष्टींसाठी मात्र दुसऱ्या वाचकाची वाट बघू नका. शुद्धलेखन ही पहिली. मराठी साहित्य महामंडळाचे १८ लेखनविषयक नियम आहेत (१४ नियम १९६२ साली लागू झाले, ४ नंतर आले), ते तासाभरात वाचून होतात. नियमांशी भांडायचं असेल तर जरूर भांडा, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेलं हस्तलिखित ही बंडखोरी आहे असं कुणी समजणार नाही. परवडत असेल तर पाठवण्याआधी पहिली पन्नास पानं तरी चांगल्या मुद्रितशोधकाकडून तपासून घ्या.

आणि हातच लावायचा नाही अशाही गोष्टी असतात. बोलीचा प्रश्न घ्या. सोलापूर, बारामती, परभणीकडून पुण्यात आलेल्या कित्येक लेखकांना ऐकावं लागतं की निवेदन प्रमाणभाषेत घ्या, बोली फक्त संवादात ठेवा. निवेदक जर गावाकडचाच असेल, त्याच भाषेत विचार करत असेल, तर हा सल्ला पुस्तकाचा जीव घेतो. माझं मत : अशा नकारावर पुस्तक बदलू नका, प्रकाशक बदला. मात्र एक तपासणी प्रामाणिकपणे करा. बोली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी आहे का? निम्म्या हस्तलिखितात ‘व्हतं’ आणि निम्म्यात ‘होतं’ असेल तर परीक्षकाला बोली खटकत नसून निष्काळजीपणा खटकतोय, फक्त त्याने नाव बोलीचं घेतलं.

वाचक कुठून आणायचे? घरचे नकोत, लेखक मित्र एखादाच पुरे. भरपूर वाचणारा, पण स्वतः न लिहिणारा माणूस शोधा. ग्रंथालयात नियमित येणारे, पुस्तकांवर बोलणाऱ्या एखाद्या कट्ट्यातले. त्यांना ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. ‘कुठल्या पानावर खाली ठेवलंत?’ असं विचारा.

७. दुसरी फेरी

यादी नावाच्या वजनावर करू नका, पुस्तकांवर करा. अप्पा बळवंत चौकात किंवा पुस्तक महोत्सवात जा आणि मागच्या तीन वर्षांत कुणी कुणी नवख्या लेखकांच्या कादंबऱ्या, कथा काढल्या ते पुस्तकं हातात घेऊन बघा. राजहंस, मेहता, कॉन्टिनेंटल, रोहन, समकालीन, मनोविकास, साधना ही पुण्यातली नावं आणि मौज, पॉप्युलर, ग्रंथाली, लोकवाङ्मय गृह ही मुंबईची. यातल्या प्रत्येकाची यादी दुसऱ्यापेक्षा वेगळी दिसते. कुणाकडे अनुवाद जास्त, कुणाकडे वैचारिक, कुणाकडे ललित. महोत्सवाच्या स्टॉलवरून पुस्तकसूची घ्या. रविवारी संध्याकाळी बिलं करत असलेल्या माणसाच्या हातात हस्तलिखित देऊ नका, तो ते नम्रपणे टेबलाखाली ठेवेल.

एका फेरीत चार-पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पाठवू नका. सगळी यादी एकदम संपवली तर या फेरीत कळलेलं वापरायला कुणी उरत नाही.

दरम्यान एखादं प्रकरण किंवा कथा नियतकालिकात येऊ द्या. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या माणसाला शिरायला हे दार बऱ्यापैकी उघडं आहे. फक्त वेळ पाळा : गणपतीत पाठवलेली कथा त्या वर्षीच्या अंकासाठी नसते, तेव्हा अंक छपाईच्या वाटेवर असतो. जूनअखेरपर्यंत पाठवा. इथेही नकार येतात, पण लवकर येतात, आणि आलेली एक कथा पुढच्या पत्रात परिचयाच्या सगळ्या विशेषणांपेक्षा जास्त काम करते.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही बघा. अर्जाची मुदत आणि अटी जाहीर होतात तेव्हा नीट वाचा, त्या गेल्या वर्षीच्या माणसाला विचारून भरू नका.

८. एजंटांकडे जाणार असाल तर

कादंबरी पूर्ण झाल्याशिवाय जाऊ नका. अर्धवट ललित लेखन एजंट घेत नाहीत. वैचारिक, माहितीपर पुस्तकासाठी आराखडा आणि एक-दोन प्रकरणं चालतात. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर काय पाठवायचं ते लिहिलेलं असतं : कुणी पत्रासोबत दहा पानं मागतो, कुणी तीन प्रकरणं, कुणाला फक्त फॉर्म भरून हवा असतो. ते तंतोतंत पाळा. सगळ्या एजंटांना एकाच मेलमध्ये सीसी करणारे अजूनही आहेत.

मोठ्या एजन्सीकडे पत्रं शेकड्यांनी येतात. त्यामुळे इथे वरची टप्प्यांची मोजणी आणखी उपयोगी पडते. क्वेरीट्रॅकरसारख्या साधनात किंवा तुमच्या वहीत तीन आकडे ठेवा : किती पत्रं गेली, कितींनी पुढची पानं मागितली, कितींनी संपूर्ण मागितली. पहिल्या दोन आकड्यांच्या मध्ये अडलंय तर पत्र किंवा नमुना, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये अडलंय तर सुरुवातीची प्रकरणं, आणि संपूर्ण वाचून सगळे परत करत असतील तर मधला भाग किंवा शेवट.

पैशाचं गणित असं : एजंट देशांतर्गत व्यवहारावर साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर साधारण २० टक्के कमिशन घेतो, तेही तुम्हाला पैसे मिळतात तेव्हाच. वाचण्यासाठी आधी फी मागणारा असेल तर तिथे न गेलेलं बरं. आणि भारतातले अनेक इंग्रजी प्रकाशक एजंटाविना आलेली हस्तलिखितंही स्वीकारतात, तेव्हा एजंट नाही म्हणाले म्हणून इंग्रजीची वाट बंद झाली असं नाही.

अनुवादाचा हक्क मूळ लेखकाकडे असतो. मैत्रिणीने प्रेमाने केलेला अनुवाद पाठवण्याआधीही तिची आणि तुमची लेखी संमती, मोबदल्याची वाटणी आणि नाव कसं जाणार हे कागदावर आणा. मराठी प्रकाशकाशी आधी करार झाला असेल तर त्यात अनुवादाचे हक्क त्यांना दिलेले नाहीत ना, हे बघूनच पुढे जा.

९. नकारानंतर येणारे गोड फोन

सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे तिसऱ्या-चौथ्या नकारानंतरचे पंधरा दिवस. त्याच सुमारास कुणीतरी फोन करून सांगतं की तुमचं लेखन अप्रतिम आहे, पॅकेज घ्या, महिनाभरात पुस्तक हातात.

स्वखर्चाने पुस्तक काढणं यात कमीपणा काही नाही. कवितासंग्रह तर आपल्याकडे कितीतरी तसेच निघतात. पण मग तो छपाईचा व्यवहार आहे हे ओळखून करा. किती प्रती, कुठला कागद, प्रती कुणाच्या ताब्यात, विक्री कोण करणार, न विकलेल्या प्रतींचं काय, हे लेखी घ्या. ‘आम्ही काढतो, तुम्ही फक्त तीनशे प्रती विकत घ्या’ हेही स्वखर्चच, नाव वेगळं. त्या तीनशे प्रती तुमच्या दिवाणाखाली राहायला येतात.

आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकासाठी) वेगळे पैसे मागितले तर सावध व्हा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. कॉपीराइटची भीती घालून पैसे उकळणारेही भेटतात. कॉपीराइट कायदा १९५७प्रमाणे हक्क लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. हवी तर साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे.

आणि नकारांनी थकलेला माणूस पहिल्या होकाराला न वाचता सही करतो. थांबा. हक्क कायमचे देताय की मुदतीसाठी? हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत धरतो. पण ‘कायमस्वरूपी’ असं लिहून तुम्ही सही केलीत तर ही कलमं मदतीला येत नाहीत. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क एका ओळीत गुंडाळलेले नाहीत ना, रॉयल्टी छापील किमतीवर की प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर, हिशेब वर्षातून कधी, लेखकाला किती प्रती, हे विचारा. विचारल्यामुळे होकाराचा नकार होत असेल तर तो होकार तसाच जाऊ द्या.

१०. एखादं हस्तलिखित बाजूला कधी ठेवायचं

यादी संपली म्हणून नाही. संपूर्ण वाचलेल्या तीन-चार जणांचं म्हणणं एकाच जागी येत असेल, आणि ती जागा दुरुस्त करायची तर वेगळंच पुस्तक लिहावं लागेल असं तुम्हालाही पटत असेल, तर. अशा वेळी फाइल युनिकोडमध्ये, खर्ड्याच्या क्रमांकासह जपून ठेवा, वहीतली उत्तरं तिच्यासोबत ठेवा, आणि नवं सुरू करा. खरं तर नवं पहिली फेरी पाठवली त्याच आठवड्यात सुरू झालेलं बरं, म्हणजे प्रत्येक मेलकडे जीव टांगून बसावं लागत नाही.

नवं पूर्ण झालं की ते आधी कुणाकडे पाठवायचं हे वही सांगेल : ज्यांनी नेमकं वाक्य लिहिलं किंवा संपूर्ण वाचलं त्यांच्याकडे. पत्रात एकच ओळ घाला, ‘माझे अमुक हस्तलिखित आपण अमुक साली वाचले होते’. जुन्या पुस्तकाबद्दल त्यांनी विचारलं तरच बोला.